वाचकांचे प्रश्न : जीर्ण झालेले प्लास्टिक पाण्यात काय सोडते?

गेल्या अंकातील मायक्रोप्लास्टिकवरच्या टिपणात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो : ‘उन्हापावसात जीर्ण झालेला प्लास्टिकचा कण नव्या कणापेक्षा पाण्याला अधिक त्रासदायक ठरू शकतो.’ टिपणाचा मुख्य विषय कणांची मोजणी हा होता, परंतु आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या एका वाक्याविषयीच आहेत. त्यांतील आठ प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. ज्यांनी ते टिपण वाचले नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, ५ मिलिमीटरहून लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात आणि रिचर्ड थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील शोधनिबंधानंतर हा शब्द सर्वत्र रूढ झाला.

प्रश्न : प्लास्टिक शेकडो वर्षे कुजत नाही, असे मी शिक्षक म्हणून आयुष्यभर मुलांना शिकवले. आता तेच प्लास्टिक पाण्यात रसायने सोडते असे आपण लिहिता. न कुजणे आणि पाझरणे ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील?

दोन्ही खरी आहेत, कारण ती प्लास्टिकच्या दोन वेगवेगळ्या घटकांविषयी आहेत. न कुजण्याबद्दल आपण जे शिकवले ते पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्यांना लागू पडते. या साखळ्या इतक्या मोठ्या असतात की त्या पाण्यात विरघळत नाहीत आणि सूक्ष्मजीवांनाही सहजासहजी तोडता येत नाहीत. परंतु बाजारात येणारी कोणतीही वस्तू नुसत्या पॉलिमरची नसते. तिला मऊपणा यावा, ती उन्हात टिकावी, पटकन पेट घेऊ नये, तिला रंग यावा, साच्यातून ती नीट सुटावी, यासाठी तिच्यात इतर रसायने मिसळलेली असतात. शिवाय निर्मितीच्या वेळी वापरलेल्या उत्प्रेरकाचे अंश आणि साखळीत गुंफले न गेलेले छोटे रेणूही आत राहून जातात. प्लास्टिकशी संबंधित रसायनांची मोजदाद करणाऱ्या प्लास्टकेम प्रकल्पाच्या २०२४ च्या अहवालात अशा १६,००० हून अधिक रसायनांची नोंद असून त्यांपैकी ४,२०० हून अधिक रसायने आरोग्य किंवा पर्यावरण यांच्या दृष्टीने चिंतेची मानली आहेत.

यातली कळीची बाब अशी की, ही पूरक रसायने बहुतांश वेळा साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. कापसात तेल मुरावे तशी ती साखळ्यांच्या मधल्या फटींत नुसती मुरलेली असतात. मऊ पीव्हीसीमध्ये तर वजनाच्या ३० ते ५० टक्के भाग थॅलेटसारख्या मऊपणा आणणाऱ्या द्रव्यांचा असू शकतो. जुनी लवचीक नळी काही वर्षांनी ताठ होते, वाकवली की तडकते, तेव्हा तिच्यातले हेच द्रव्य बरेचसे निघून गेलेले असते. पॉलिमर जागेवर आहे आणि त्यात मुरलेले द्रव्य गेले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलेले चुकीचे नव्हते, ते अर्धे होते एवढेच.

प्रश्न : गच्चीवर राहिलेली बादली दोन-तीन वर्षांत फिकी पडते, तिला हात लावला तर पांढरी भुकटी बोटांना लागते आणि एके दिवशी ती कडी धरताच फुटते. घरात ठेवलेली तशीच बादली मात्र धडधाकट राहते. उन्हाने नेमके काय होते? आणि या भुकटीचा पाण्याशी काय संबंध?

या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचे मूळ यात आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. शुद्ध पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषत नाही, परंतु प्रत्यक्षातल्या वस्तूत उत्प्रेरकाचे अंश, रंगद्रव्ये आणि साच्यात तापवताना आधीच थोड्या प्रमाणात ऑक्सिजनशी संयोग झालेल्या जागा असतात, आणि त्या किरण शोषतात. त्या ऊर्जेने एखादा बंध तुटतो आणि मुक्त मूलक तयार होतो, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा अतिशय उतावळा रेणूखंड. तो हवेतला ऑक्सिजन पकडतो, शेजारच्या साखळीतला हायड्रोजन हिसकावतो, तेथे नवा मूलक निर्माण होतो, आणि ही साखळी-अभिक्रिया पुढे चालू राहते. तिच्या ओघात लांब साखळ्या जागोजागी तुटतात आणि तुटलेल्या टोकांवर ऑक्सिजनयुक्त गट येतात. वस्तू तयार करताना घातलेले अतिनील-रोधक आणि ऑक्सिडीकरण-रोधक हे या अभिक्रियेला आवर घालण्यासाठीच असतात, पण आवर घालता घालता ते स्वतः खर्ची पडतात. बादली पहिली दोन वर्षे चांगली राहते आणि मग एकदम ढासळल्यासारखी वाटते, त्याचे कारण हेच आहे. बदल आतून आधीपासून चालू होता, फक्त त्याला थोपवणारे संपले. घरातल्या बादलीपर्यंत हे किरण अगदी थोडे पोहोचतात, म्हणून ती टिकते.

साखळ्या तुटल्या की पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर जाळीदार भेगा पडतात आणि ऊन, थंडी, घर्षण, लाटा यांच्या माराने तुकडे सुटू लागतात. आपल्या बोटांना लागलेली भुकटी म्हणजे पांढऱ्या रंगद्रव्याचे कण आणि तुटलेल्या प्लास्टिकचे कण यांचे मिश्रण आहे. टायटॅनियम डायऑक्साइड हे नेहमीचे पांढरे रंगद्रव्य अतिनील किरण अडवते हे खरे, पण त्याच्या कणांवर योग्य लेप नसेल तर ते प्रकाशाच्या मदतीने आजूबाजूचे प्लास्टिक स्वतःच कुरतडू लागते.

आता पाण्याशी असलेला संबंध. तो तीन बाजूंनी आहे आणि तिन्ही एकमेकींना बळ देतात. पहिली बाजू निव्वळ भूमितीची आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच ०.१ मिलिमीटर बाजूचे दहा लाख घन केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे शंभरपट. त्याहून मोठा फरक वेळेत पडतो. आत मुरलेला रेणू पृष्ठभागापर्यंत विसरणाने, म्हणजे दाटीकडून विरळ भागाकडे आपोआप सरकत, येतो आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुकडा शंभरपट लहान झाला की आतल्या रेणूचा बाहेर येण्याचा वेळ ढोबळमानाने दहा हजारपट कमी होतो.

दुसरी बाजू पृष्ठभागाच्या स्वभावाची. नवे पॉलिएथिलीन पाण्याला दूर लोटते. ऑक्सिजनयुक्त गट आल्यावर तो पृष्ठभाग पाण्याने भिजू लागतो आणि भेगांमधून पाणी अधिक आतपर्यंत पोहोचते. तिसरी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साखळी तुटत तुटत जेव्हा तुकडे पुरेसे लहान होतात, तेव्हा खुद्द पॉलिमरचेच भाग पाण्यात विरघळण्याजोगे बनतात. कार्बॉक्सिलिक आम्ले, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल अशा नव्या संयुगांचे मिश्रण पाण्यात उतरते. हे पदार्थ कारखान्यात कोणी मिसळले नव्हते. ते उन्हाने घडवलेले आहेत. अमेरिकेतील वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, साध्या पॉलिएथिलीनच्या पिशव्यांवर पाण्यात प्रकाश पाडल्यावर हजारो वेगवेगळी विद्राव्य संयुगे तयार होतात असे दाखवले. पूरक द्रव्ये नसलेल्या शुद्ध पॉलिएथिलीनपेक्षा बाजारातल्या पिशव्यांचे वर्तन निराळे होते, आणि एका पिशवीचे दुसरीपेक्षाही निराळे होते.

प्रश्न : ‘घातक रसायने’ हा शब्दप्रयोग सैल वाटतो. कोणती रसायने, कोणाला घातक आणि किती प्रमाणात, हे स्पष्ट करावे.

तक्रार रास्त आहे. काही नावे घेऊन सांगतो.

थॅलेट वर्गातील डीईएचपी हे पीव्हीसीला मऊ करणारे जुने आणि विपुल वापरलेले द्रव्य. प्रजननसंस्थेवर आणि संप्रेरकांच्या कार्यावर त्याचा परिणाम होतो, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ते पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे पीव्हीसीच्या कणातून एका झटक्यात बाहेर पडत नाही. व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवल्याप्रमाणे हे पाझरणे कित्येक दशके चालू राहते. नदीच्या तळाशी पडलेला असा कण म्हणजे अतिशय मंद गतीने, पण न थांबता गळणारा नळ होय.

बिस्फेनॉल-ए हे पॉलिकार्बोनेटचे मूळ घटकद्रव्य आहे. येथे रसायन नुसते मुरलेले नसते, ते साखळीचाच भाग असते, आणि गरम किंवा अल्कधर्मी पाण्याने साखळी तुटली की मोकळे होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याचे सुसह्य दैनिक सेवन शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणले, म्हणजे वीस हजारपट कमी केले. एकाच पदार्थाविषयीचे शास्त्रीय मत इतके बदलते हे लक्षात घेतले, तर ‘मर्यादेच्या आत आहे’ या वाक्यावर किती विसंबावे याचाही अंदाज येतो.

अग्निरोधकांपैकी हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन हे पॉलिस्टायरीनच्या फेसाळ पत्र्यांत वापरले जात असे. २०१३ मध्ये त्याचा समावेश स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत झाला. प्लास्टिकला उन्हापासून वाचवणारे यूव्ही-३२८ हे द्रव्य २०२३ मध्ये त्याच यादीत आले. त्याच्या बाबतीत पुढे आलेला एक मुद्दा आपल्या विषयाला धरून आहे : ते तरंगत्या प्लास्टिकमध्ये बसून दूरदूरचा प्रवास करते आणि तेथे पाझरते. याखेरीज जुन्या पीव्हीसीतील शिसे, काही रंगद्रव्यांतील कॅडमियम आणि ‘पेट’ (पीईटी) या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या निर्मितीत उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या अँटिमनीचे अंश यांचाही विचार करावा लागतो.

परंतु यादीपेक्षा अधिक शिकवणारे एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटलच्या परिसरातील ओढ्यांत, अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतणारे कोहो जातीचे सामन मासे पाऊस पडून गेल्यावर मरताना आढळत. काही ओढ्यांत परतलेल्या माशांपैकी ४० ते ९० टक्के मासे अंडी घालण्याआधीच मरत. धातू, कीटकनाशके, तेल, रोग अशा नेहमीच्या संशयितांची झडती घेऊन झाली आणि कशानेच उलगडा होईना. शेवटी संशोधक टायरच्या झिजेपर्यंत आले. टायरचा चुरा भिजवलेल्या पाण्यात सुमारे दोन हजार रसायने होती. ती गटागटाने वेगळी करत, प्रत्येक गटात मासे जगतात की मरतात हे पाहत, झेन्यू तियान, एडवर्ड कोलोडझिए आणि त्यांचे सहकारी एका संयुगापर्यंत पोहोचले. २०२० च्या डिसेंबरात त्यांनी त्याचे नाव जाहीर केले : ६पीपीडी-क्विनोन.

यातली मेख अशी. टायर बनवणाऱ्यांनी हे संयुग टायरमध्ये घातलेलेच नव्हते. त्यांनी घातले होते ६पीपीडी. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पाडू नयेत म्हणून ते वापरतात. ते रबराच्या आधी स्वतः ओझोनशी संयोग पावते आणि त्या संयोगातून जे उरते त्यात हे क्विनोन असते. म्हणजे वस्तूला जीर्ण होण्यापासून वाचवणारे द्रव्य स्वतः जीर्ण झाले आणि त्याचे विष झाले. सुधारित मोजमापानुसार लिटरमागे सुमारे ९५ नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेत निम्मे कोहो मासे मरतात. २५ लाख लिटरच्या जलतरण तलावात पाव ग्रॅमही न भरणारी ही मात्रा आहे. आणि त्याच ओढ्यांत येणाऱ्या चम जातीच्या सामन माशांना मात्र तेवढ्याने काही होत नाही. टायरचे रबर हे काटेकोर अर्थाने प्लास्टिक आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण त्याच्या झिजेचे कण मायक्रोप्लास्टिकमध्येच मोजले जातात, आणि ‘कोणाला घातक, किती प्रमाणात’ या आपल्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर माझ्या पाहण्यात नाही. मूळ द्रव्याची विषारकता तपासून त्याच्या जीर्ण रूपाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि एका माशावरून दुसऱ्या माशाबद्दलही नाही.

प्रश्न : मायक्रोप्लास्टिक पाण्यातील विषे स्पंजासारखी शोषून घेते असेही वाचले. मग ते पाणी शुद्ध करते की दूषित?

दोन्ही प्रक्रिया होतात, आणि कोणती वरचढ ठरेल हे कणात आणि पाण्यात त्या रसायनाचे प्रमाण किती आहे यावर ठरते. जपानी संशोधक हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की, समुद्रात तरंगणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या गोळ्यांवर पीसीबीसारखी (क्लोरीनयुक्त, दीर्घकाळ टिकणारी औद्योगिक) रसायने भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत लाखो पटींनी साठतात. त्यावरून ‘विषवाहक प्लास्टिक’ ही कल्पना लोकप्रिय झाली. नंतर आल्बर्ट कूलमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की बहुतेक ठिकाणी जलचरांना ही रसायने पाणी, गाळ आणि भक्ष्य यांतूनच मिळतात, प्लास्टिकच्या वाटेने मिळणारा वाटा त्यापुढे किरकोळ असतो. समुद्रात प्लास्टिकच्या मानाने सेंद्रिय कण इतके अधिक आहेत की स्पंजांची गर्दी आधीच झालेली आहे.

मात्र हा दिलासा बाहेरून चिकटलेल्या रसायनांपुरता आहे. कारखान्यातच मिसळलेल्या द्रव्यांचे प्रमाण कणात फार जास्त आणि पाण्यात जवळजवळ शून्य असते, त्यामुळे त्यांचा प्रवाह बराच काळ एकाच दिशेने, बाहेरच, वाहतो. प्लास्टिक गिळणाऱ्या शिअरवॉटर जातीच्या समुद्रपक्ष्यांच्या चरबीत, त्यांच्या नैसर्गिक भक्ष्यात न सापडलेली ब्रोमीनयुक्त अग्निरोधके २०१३ मध्ये आढळली ती याच कारणाने. तेथे पाझरण्याला पाण्यापेक्षा पक्ष्याच्या जठरातील तेलाची मदत अधिक झाली होती.

प्रश्न : जैवविघटनशील प्लास्टिक वापरले तर हा प्रश्न सुटेल का?

पाझरण्यापुरता विचार केला तर नाही, आणि काही काळ तो वाढूही शकतो. पीएलए आणि पीबीएटी या जैवविघटनशील प्लास्टिकच्या नेहमीच्या प्रकारांच्या साखळ्यांत एस्टर बंध असतात. ते पाण्याने आणि प्रकाशाने पॉलिएथिलीनच्या कार्बन-कार्बन बंधांपेक्षा लवकर तुटतात, आणि तसेच अपेक्षितही आहे. पण लवकर तुटणे म्हणजे पाण्यात विद्राव्य सेंद्रिय पदार्थ लवकर आणि अधिक उतरणे. प्रयोगशाळेत प्रकाशात ठेवलेल्या कणांबाबत नेमके हेच दिसते. ते पदार्थ पुढे सूक्ष्मजीवांनी खाऊन टाकले तर ठीकच, परंतु यातली अनेक प्लास्टिके खतनिर्मिती केंद्रातील ५०-६० अंश सेल्सियस तापमानाला विघटित होतील अशा हिशेबाने बनवलेली असतात. थंड पाण्याच्या तळाशी तशी परिस्थिती नसते. शिवाय मिसळलेली पूरक द्रव्ये येथेही असतातच.

मुद्दाम लवकर तुकडे व्हावेत म्हणून धातूची लवणे घातलेले, ‘ऑक्सो’ या नावाने विकले जाणारे प्लास्टिक तर या दृष्टीने सर्वांत वाईट. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाद्वारे त्यावर बंदी घातली आणि ती २०२१ पासून लागू झाली. ती योग्यच झाली असे माझे मत आहे.

प्रश्न : पाणी उकळल्याने किंवा गाळल्याने ही रसायने जातात का? उन्हात राहिलेल्या बाटलीतले पाणी प्यावे का?

कण आणि कणांतून सुटलेली रसायने यांचा विचार येथे वेगळा करावा लागतो. उकळण्याने कण काही प्रमाणात कमी होतात. चीनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की, क्षार भरपूर असलेले कठीण पाणी उकळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा जो थर जमतो त्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण अडकतात, आणि ते गाळून घेतल्यास ९० टक्क्यांपर्यंत कण निघतात. मऊ पाण्यात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास राहिले. परंतु थॅलेट किंवा बिस्फेनॉल-ए उकळल्याने उडून जात नाही, कारण त्यांचा उत्कलनबिंदू पाण्याच्या कितीतरी वर आहे. विरघळलेल्या सेंद्रिय रसायनांसाठी सक्रिय कोळशाची गाळणी उपयोगी पडते, पण तिची धारणशक्ती संपल्यावर ती बदलली नाही तर तिचा उपयोग राहत नाही. आरओ पडदाही यांपैकी बहुतेक रेणू अडवतो.

पाण्याचा पुरवठा करणाऱ्या केंद्रांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. जीर्ण प्लास्टिकमधून उतरलेला विद्राव्य सेंद्रिय पदार्थ क्लोरिनशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन तयार करू शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. पालापाचोळ्यापासून आलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे हे घडते हे १९७४ पासून ठाऊक आहे आणि नैसर्गिक पाण्यात आजही मोठा वाटा त्याचाच असतो. त्यामुळे क्लोरिन टाळावे असा अर्थ कोणी कृपया काढू नये. जंतूंचा धोका या सगळ्याहून कितीतरी मोठा आहे.

बाटलीबद्दल. पेटच्या बाटलीतून अँटिमनी उतरते, आणि तापमान वाढले की ते वेगाने वाढते. सर्वसाधारण तापमानाला साठवलेल्या पाण्यात ते जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे २० मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या बरेच खाली राहते. एखाद्या दिवशी उन्हात राहिलेले पाणी प्यालात म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बंद मोटारीत आठवडेच्या आठवडे तापत राहिलेली बाटली मात्र मी स्वतः पिण्यासाठी वापरत नाही.

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. या विषयावरील निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत असे वाचनात येते. यामागे मोजणीची पद्धत हे कारण आहे का?

मोठ्या प्रमाणात, होय. अनेक वर्षे बहुतेक प्रयोग कारखान्यातून आणलेल्या, एकसारख्या गोल, स्वच्छ, नव्या कणांवर झाले. निसर्गात असे कण जवळजवळ नसतात. प्रयोगापूर्वी कण किती जीर्ण आहे हे नोंदवणे आवश्यक आहे आणि त्यासाठी अवरक्त वर्णपटातील कार्बोनिल गटाच्या (जीर्ण होताना साखळीवर येणाऱ्या ऑक्सिजनयुक्त गटाच्या) शिखराची उंची वापरतात. १७१५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास असलेले हे शिखर एका स्थिर शिखराशी ताडून जो अंक मिळतो तो कार्बोनिल निर्देशांक. मात्र दोन प्रयोगशाळा दोन वेगळी स्थिर शिखरे घेतात आणि मग अंकांची तुलना होत नाही. प्रयोगशाळेत उन्हाऐवजी वापरल्या जाणाऱ्या झेनॉन दिव्याखालचे काही तास म्हणजे उघड्यावरचे किती दिवस, हे गणितही दिसते तेवढे सरळ नाही, कारण तापमान, ओलावा आणि कणावर चढलेला जिवाणूंचा थर या गोष्टी दिव्याखाली बदलतात. तो थर कणाला सावलीही देतो.

अंधारात ठेवलेला तुलनेचा नमुना वगळू नका. त्याच्याशिवाय किती द्रव्य आधीच सुटण्याच्या बेतात होते आणि किती प्रकाशामुळे निर्माण झाले हे सांगता येत नाही. दुसरी सावधगिरी अनुभवातून सांगतो. माझ्या पहिल्या मोजणीत निव्वळ शुद्ध पाण्याच्या नमुन्यातच थॅलेट सापडले होते आणि त्याचा उगम शोधण्यात तीन आठवडे गेले. तो पाण्याच्या यंत्राला जोडलेल्या मऊ नळीत होता. काचेची भांडी भट्टीत तापवून घ्या आणि कोऱ्या, म्हणजे प्लास्टिक न घातलेल्या, नमुन्यांची संख्या कमी ठेवण्याचा मोह टाळा.

प्रमाणाचे भानही ठेवावे. क्रिस्टिना रोमेरा-कास्तियो आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अंदाजानुसार समुद्रातील प्लास्टिकमधून दरवर्षी २३,६०० टनांपर्यंत विद्राव्य सेंद्रिय कार्बन पाझरतो. समुद्रात असा कार्बन एकूण सुमारे ६६० अब्ज टन आहे. सरासरी काढली तर हा भर नगण्य दिसतो. परंतु जिवाणू त्या सरासरीत राहत नाहीत, ते कणाच्या पृष्ठभागावर राहतात, आणि त्याच निबंधात हा कार्बन मिळाल्यावर जिवाणूंची वाढ जोमाने होते असे दिसले. उलट, समुद्रात प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रोक्लोरोकॉकस या सूक्ष्मजीवाची वाढ प्लास्टिकच्या निचऱ्याने खुंटते, असे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले. त्या प्रयोगातील निचरा मोकळ्या समुद्रात आढळेल त्याहून दाट होता, हे निष्कर्ष वाचताना विसरू नये. निष्कर्ष जुळत नाहीत याचा अर्थ कोणीतरी चुकले आहे असाच असेल असे नाही. एकाने पॉलिएथिलीनची पिशवी घेतलेली असते, दुसऱ्याने पीव्हीसीचा चटईचा तुकडा. दोन्हींना ‘मायक्रोप्लास्टिक’ हे एकच नाव देऊन आपण स्वतःच गोंधळ ओढवून घेतला आहे.

प्रश्न : पाण्याच्या टाक्या बहुधा काळ्या का असतात? काळ्या रंगाने पाणी तापते, मग रसायने अधिक सुटणार नाहीत का?

तो काळेपणा काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा असतो. साधारण २ ते ३ टक्के काजळी नीट मिसळली की ती अतिनील किरण पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरातच शोषून घेते आणि आतल्या पॉलिएथिलीनपर्यंत पोहोचू देत नाही. पाणी थोडे तापते आणि तापल्याने विसरण वाढते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण काजळी नसती तर साखळ्या तुटून जे नुकसान झाले असते त्यापुढे ही वाढ कमी आहे. काही टाक्यांत म्हणूनच बाहेरचा थर फिका आणि मधला काळा ठेवतात. टाकीचे झाकण मात्र पुष्कळदा वेगळ्या, स्वस्त प्लास्टिकचे असते आणि ऊन तर तेच सर्वांत अधिक खाते. झाकणावरून बोट फिरवून पाहावे. भुकटी लागली, कडेला बारीक भेगा दिसल्या, किंवा दाबल्यावर कडकड असा आवाज आला, तर टाकी चांगली असली तरी झाकण बदलावे, आणि जुने झाकण पाण्याजवळ किंवा उघड्यावर न टाकता कचऱ्यात द्यावे.